वस्तऱ्याची पेटी घेऊन वज्रेश्वरीपर्यंत

गिरगाव

बायसिकलवरून वज्रेश्वरीस जाऊन आल्यापासून आमच्या वाडीत मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, पडलात किती वेळा? दुसरा, बरोबर काय काय नेले होते? पहिल्याचे उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचे द्यावे म्हणून हा मजकूर लिहायला बसलो. पण पाहतो तो सामानापेक्षा बरोबरच्या माणसाविषयीच मला अधिक सांगायचे आहे. तेव्हा आधी सामान उरकतो.

धोतरे, बंड्या, पंचे, दशम्या, दिव्याचे तेल हे जाणारा माणूस आपण होऊन घेतो. विसरते ते दाढीचे सामान, आणि त्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे गृहस्थ वस्तरा हातात धरीत नाही. न्हावी येतो तेव्हा तोंड पुढे करतो. मी मात्र गेली काही वर्षे माझी दाढी मीच करतो. आमचा गोविंदा न्हावी हाताचा हलका, पण घड्याळाशी त्याचे कधी जमले नाही, आणि माझी कचेरी कोटात, म्हणजे फोर्टात, तिथे साहेब दारात घड्याळ काढून उभा. पलीकडे खोताच्या वाडीत पास्कल म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. ते रोज सकाळी खिडकीत आरसा टांगून शीळ घालत दाढी उरकतात. त्यांच्याकडून मी ही विद्या शिकलो. आपल्या हाताने आपल्या गळ्याला वस्तरा लावायचा हे आमच्या कुटुंबाला अभद्र वाटे. पुढे तिलाही सवय झाली.

प्रवासासाठी मी सिगारची रिकामी लाकडी पेटी घेतली. वस्तरा शेफील्डचा. तो तेल लावलेल्या फलालीनच्या तुकड्यात गुंडाळावा आणि वरून धार लावायचा चामडी पट्टा वेढावा; म्हणजे एक वस्तू दुसरीला सांभाळते. कुंचला ओला असताना डब्यात कोंडला तर कुजका वास धरतो. त्याला बांबूच्या पेराचे घर करावे, दोन्ही अंगांना भोके पाडून. साबणाची अख्खी वडी नेऊ नये. ती किसून टिनच्या डबीत दाबून बसवावी, तीच डबी फेस काढायच्या वाटीचे काम देते. आरसा तळहाताएवढा, पंच्याच्या घडीत. तुरटीचा खडा विसरू नये, आणि घरी असताना कधी कापत नाही म्हणून प्रवासातही कापणार नाही असे समजू नये. ही पेटी हँडलला बांधू नका. पुढचे चाक रस्त्याचे सारे हादरे पेटीत ओतते. बैठकीच्या मागे, गुंडाळलेल्या घोंगडीच्या पोटात ती ठेवावी.

आता माणूस.

भास्करराव हे माझे साडू, म्हणजे माझ्या कुटुंबाच्या पाठच्या बहिणीचे यजमान. परळच्या एका गिरणीच्या कचेरीत नोकरीला, बिऱ्हाड चिंचपोकळीस. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि ज्या गोष्टीला मला श्रम पडतात ती त्यांना आपोआप मिळते. माझी बायसिकल एका विलायतेस निघालेल्या साहेबाकडून घेतलेली, भरीव रबराच्या चाकांची. मी ती शिकलो तेव्हा माझ्या दोन्ही कोपरांची सालटी निघाली. त्यांनी माझ्यामागून घेतली ती नवी, हवा भरलेल्या टायरांची, आणि पहिल्याच संध्याकाळी चौपाटीपर्यंत जाऊन आले. त्यांना तीन मुली. आम्हांला दोन मुलगे. मधली एक मुलगी झाली होती, ती अंगावर पीत असतानाच गेली.

आमचे सासरे आबा दादरला राहतात. ते विधुर, आणि पोटी मुलगा नाही. धाकटी यमू तेवढी लग्नाची राहिली होती, तिचे यंदा फाल्गुनात ठरले. विधुराला कन्यादानाला बसता येत नाही, जोडपे लागते. म्हणजे मोठे जावई आणि लेक, नाहीतर धाकटे जावई आणि लेक. आई गेली तेव्हा यमू पाच वर्षांची होती. पुढे दोन वर्षे ती गिरगावात आमच्याकडे होती. तिची वेणीफणी, तिचा गोवर, सारे माझ्या कुटुंबाने काढले. कन्यादानाचा मान तिला मिळावा, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. तिने तोंडाने कधी म्हटले नाही, पण रुखवताच्या गोष्टी निघाल्या की ती हातातले काम थांबवी. भास्कररावांना मुली आहेत, ते पुढे तीनदा बसतील. आम्हांला हीच एक संधी. हा हिशेब मला स्वच्छ दिसत होता. आबांना तो दिसतो की नाही, हे कळत नव्हते, कारण आबांचा जीव भास्कररावांवर.

लग्नाची पहिली अक्षत कुलदेवीला, म्हणजे वज्रेश्वरीला ठेवायची. घरात मुलगा नाही, तेव्हा जावयांनीच जायचे. बैलगाडीऐवजी बायसिकलने जावे ही कल्पना माझी होती. मी ती नीट मांडण्यासाठी मुक्कामांची यादी करीत होतो; तेवढ्यात भास्कररावांनी ती आबांकडे जेवता जेवता बोलून टाकली, आणि आबा खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारते झाले.

लालबाग ते दादर

माघातली पहाट. मी गिरगावातून निघालो. भायखळ्यापाशी ट्रामच्या रुळात पुढचे चाक गेले आणि मी एका घोड्याच्या अगदी नाकासमोर उतरलो. उतरलो हाच शब्द योग्य आहे. चिंचपोकळीच्या पुलाजवळ भास्करराव उभे होते. त्यांचे सामान म्हणजे खांद्यावर एक पंचा आणि खिशात पोह्यांची पुरचुंडी. आणि तोंडावर दाढी. पंधरावीस दिवसांची असेल. काळी, दाट, कडेने आपली आपण सारखी झालेली. माझी दोन दिवस राहिली तर मी आजाऱ्यासारखा दिसतो. ते एखाद्या संस्थानच्या सरदारासारखे दिसत होते.

लालबागेत गिरण्यांची पहिली पाळी आत चालली होती. धुरांड्यांचा धूर थंडीने खाली बसलेला. कडेला दगडावर बसून एक न्हावी गिरणीवाल्यांच्या दाढ्या भराभर उरकत होता. त्याने लांबूनच हाक दिली, "रावसाहेब, किती दिवस हे रान वाढवणार? बसा, आत्ता काढतो."

"आज नको रे," भास्करराव म्हणाले, आणि घंटी वाजवून पुढे झाले. रांगेतले दोघेतिघे त्यांना रामराम करून गेले. त्या रस्त्याने मी आठवड्यातून एकदा दादरला जातो. मला आजवर कोणी रामराम केलेला नाही.

दादरला नारळीच्या वाडीतून आत गेले की आबांचे घर. दोन्ही बहिणी लग्नाच्या तयारीला आधीच येऊन राहिल्या होत्या. आमचे कुटुंब ओसरीवर गहू निवडत होते. भास्कररावांचे कुटुंब बाहेर आले नाही. डोके दुखते म्हणून निजले आहे असे कळले. यमू येऊन दोन्ही बायसिकलींच्या घंट्या आळीपाळीने वाजवू लागली, आणि भास्कररावांची अधिक चांगली वाजते असा तिने निर्वाळा दिला.

आबा आतून तांबड्या फडक्यात बांधलेली अक्षत आणि नारळ घेऊन आले. थोरला जावई म्हणून मी हात पुढे केले. आबांनी माझ्या घोंगडीकडे पाहिले.

"नाना, तुमच्या बोचक्यात तो वस्तरा असेल ना?"

"आहे, पण वेगळ्या पेटीत आहे."

"तरी पण. मंगलाक्षता आणि वस्तरा एका गाडीवर नको." आणि त्यांनी अक्षत भास्कररावांच्या हातात दिली.

आबांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. वस्तरा म्हणजे सुतक संपवणारी वस्तू. पण शीव ओलांडीपर्यंत मी भास्कररावांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आले नाही. ते गात होते.

ठाण्याच्या पुढे

मधला रस्ता सांगण्यासारखा नाही. धुरळा, गाड्या, पुन्हा धुरळा. एकदा माझ्या धोतराचा सोगा साखळीत गेला, तेव्हापासून मी पोटऱ्यांना सुतळीचे बंद बांधू लागलो. जाणाऱ्याने ते घरूनच बांधून निघावे. ठाण्याच्या धर्मशाळेत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी खाडी तरीच्या होडीतून ओलांडली. तरीत दोन म्हशी होत्या. त्या भास्कररावांच्या बायसिकलीपासून अंग चोरून उभ्या होत्या आणि माझ्या बायसिकलीला टेकून.

पलीकडे भिवंडीच्या वाटेवर एका गावात वडाखाली दुसरा मुक्काम पडला. सकाळी उठून मी पाराला आरसा टेकवला, पट्टा वडाच्या पारंबीला अडकवला, धार काढली आणि फेस लावला. भास्करराव माझ्या घोंगडीवर पाय पसरून माझी दशमी खात होते. दाढी संपवून मी तोंड पुसतो आहे तो एक म्हातारा येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याने हनुवटी ओली करूनच आणली होती. त्याच्यामागे आणखी दोघे येऊन बसले.

"सरदाराचं मागून कर," तो म्हणाला. "आदी माजी उरक. मला शेतावर जायचं हाय."

मला कळेना. मग कळले. दाढीवाला माणूस घोंगडीवर बसला आहे आणि दुसरा पारापाशी वस्तऱ्याला धार लावतो आहे. मग पहिला सरदार आणि दुसरा त्याचा न्हावी, हे उघडच आहे. गृहस्थ कधी स्वतःची दाढी करतो का?

भास्कररावांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "अरे बाबा, हे न्हावी नाहीत. हे माझे थोरले साडू. कोटात मोठ्या कचेरीत हेडक्लार्क आहेत."

म्हाताऱ्याने माझ्याकडे, मग वस्तऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले. "मंग यांच्या मुंबईला न्हावी नाय का?"

मी वस्तरा पुसू लागलो. तेवढ्यात कोणीतरी दूध आणले. भास्कररावांना पितळी पेल्यात, घोंगडीवर नेऊन. मला पानांच्या द्रोणात, आहे तिथेच. द्रोण गळका होता.

हे एवढ्यावर भागले नाही. गावचा खरा न्हावी बातमी ऐकून धावत आला. काखेत त्याची धोकटी, हत्यारांची कातडी पिशवी, आणि रागाने मान थरथरत होती. "कोनाच्या हुकमानं गावात वस्तरा काढलास? या गावच्या दाढ्या आमच्या आज्यापासनं आमच्याकडं हायत." मी माझ्या दाढीची हकीकत त्याला सांगू लागलो, पण लोक हसू लागले तसा तो अधिकच बिथरला. शेवटी त्याने तोड काढली. मी त्याचे गिऱ्हाईक पळवले नाही हे खरे असेल, तर सरदाराने आता त्याच्यासमोर बसावे, म्हणजे गावात त्याची लाज राहील.

हे मला पटले. भास्कररावांची दाढी जाईल हेही मला पटले. मी त्यांच्याकडे आशेने पाहिले.

भास्करराव उठले, न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चार पावले बाजूला घेऊन गेले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. तो मनुष्य एकदम निवला. त्याने दोन्ही हात जोडले. "देवी बरं करंल, म्हाराज," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्याने माझ्या वस्तऱ्याची धार अंगठ्यावर पाहिली, ठीक आहे अशी मान हलवली आणि गेला.

"काय सांगितलेत त्याला?" मी विचारले.

"काही नाही हो. समजूत घातली."

सारा दिवस मी ते शब्द कोणते असतील याचा विचार करीत पायडल मारले. मला चार वाक्यांत जे जमले नाही ते यांना एका कुजबुजीत जमते. वाटेत त्यांच्या हवेच्या टायरात बाभळीचा काटा गेला. मला बरे वाटले. ते रबराचे ठिगळ लावत होते तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या बाईने त्यांना वाल घातलेल्या भाताचे जेवण आणून दिले. मला पण दिले. ते तिला आधी कोणाला द्यावेसे वाटले हे मी सांगत बसत नाही.

आणि खरी धास्ती निराळी होती. न्हावी समजलेल्या जावयाची गोष्ट भास्करराव दादरला पोचताच सांगणार, आणि ते सांगतात तेव्हा माणसे पोट धरून हसतात. ज्याला हसले त्याला आबा कन्यादानाच्या पाटावर बसवतील का?

वज्रेश्वरी

वज्रेश्वरीजवळ नदीकाठी ऊन पाण्याची कुंडे आहेत. काहींत हात घालवत नाही, काहींत पाय सोडून बसता येते. गंधकाचा वास येतो, तो घटकाभरात नाहीसा होतो किंवा नाक हार मानते. पहाटे सगळीकडे वाफ होती. मी जन्मात केलेल्या दाढ्यांत त्या दिवशीची उत्तम. चूल नको, तांब्या नको. पंचा बुडवून तोंडावर धरला, फेस लावला, आणि वस्तरा पाण्यावरच्या होडीसारखा गेला. जाणाऱ्याने बाकी काही नेले नाही तरी एवढ्यासाठी वस्तरा न्यावा.

मन प्रसन्न होते, म्हणून मी भास्कररावांना म्हणालो, "बसा. देवीपुढे अक्षत ठेवायची आहे. असे रान घेऊन काय जायचे? मी करून देतो."

"राहू द्या नाना."

"अहो, हात हलका आहे माझा."

"ठाऊक आहे. पण नको."

"का? मी न्हावी नाही म्हणून नको, की झालोच आहे म्हणून नको?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हांला त्याचे एवढे लागले?"

"दादरला सांगा तुम्ही. सगळ्यांना हसवा. आबांना तेवढेच हवे असेल."

ते उठले. अक्षतेचे फडके उचलून पुढे निघाले. मी पेटी बांधली. कुंचला ओलाच पेटीत गेला.

देऊळ टेकाडावर, किल्ल्यासारख्या तटात आहे. पायऱ्या दमवतात. गाभाऱ्यात भास्कररावांनी नारळ ठेवला, अक्षत ठेवली, यमूचे आणि नवऱ्या मुलाचे नाव घेऊन देवीला लग्नास बोलावले. गुरव म्हणाला, मागायचे असेल ते आत्ता मागा. मी मनातल्या मनात कन्यादानाचा पाट मागितला. भास्करराव उंबऱ्यावर डोके टेकून होते ते उठेनात. मी त्यांच्या मागेच उभा होतो, म्हणून मला ऐकू आले.

"हिची सुखरूप सुटका होऊ दे."

एवढेच. आणि मला दाढी कळली.

बायको गरोदर असली की नवऱ्याने क्षौर करायचे नाही, अंगाला वस्तरा लावू द्यायचा नाही, हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? पण शास्त्र ते सातव्या महिन्यापासून सांगते, आणि सातवा असता तर डोहाळजेवणाचा गलबला माझ्या कानी आला असता. म्हणून माझ्या डोक्यात ते आलेच नाही. वडाखालच्या न्हाव्याला ते एका वाक्यात समजले होते.

बाहेर तटाशी आम्ही बसलो. खाली नदी आणि कुंडांची वाफ.

"कितवा?" मी विचारले.

"चौथा सरत आलाय. माझ्या आईने आत्तापासूनच वस्तरा बंद केला." ते दाढीवरून हात फिरवीत होते. "मागल्या साली तिला ताप आला होता ना, तो ताप नव्हता. पाचव्यात गेले. तीही जात होती."

"मला सांगायचे."

"तुम्हांला सांगितले म्हणजे ताईंना सांगितले. त्यांना कसे सांगावे हे हिला कळत नाही. तिन्ही बाळंतपणे ताईंनी काढली. तिन्ही वेळा पोर न्हाऊ-माखू घालून माझ्या हातात दिले. आणि घरी जाऊन चार-चार दिवस जेवल्या नाहीत. ठाऊक आहे तुम्हांला?"

आमचे कुटुंब दमून आले आहे, असे मला तिन्ही वेळा वाटले होते.

खरे ते लिहितो. आधी मला आनंद झाला. गरोदर बाई कन्यादानाला बसत नाही, तेव्हा पाट आमचा. हा आनंद मंदिराच्या निम्म्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. मग मनात आले, यांना चौथे होणार. मला त्या बायसिकलीचा, त्या घंटीचा, गळक्या नसलेल्या पेल्याचा हेवा वाटत होता तो किरकोळ होता.

पुन्हा दादर

परतीला तीन दिवस लागले. शिवेपाशी भास्कररावांनी बायसिकल माझ्याजवळ आणली आणि म्हणाले, "वडाखालची गोष्ट मी सांगणार नाही. पण चांगली आहे हो."

ती ओसरीवर मीच सांगितली. बायका पदराला तोंड पुसेपर्यंत हसल्या, यमूने मला दोन दिवस सरदाराचा न्हावी म्हणून हाक मारली, आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आले. हसणे ओसरल्यावर ते म्हणाले, "बरे, पाटावर बसायचे तुम्हां दोघांनी. सोवळे आहे ना नीट?"

मी विचारले, हे कधी ठरले?

"ठरायचे काय त्यात? आई म्हटल्यावर यमूच्या डोळ्यांपुढे कोण येते? मी भास्कररावांना मार्गशीर्षातच बोललो होतो."

मी भास्कररावांकडे वळलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही विचारले कुठे? तुम्ही साबण किसत होता."

रात्रीची जेवणे झाल्यावर परसात मी कुटुंबाला गाठले. कसे सांगावे याचे मी शिवेपासून तीन नमुने तयार केले होते. पहिल्याच्या तिसऱ्या शब्दाला ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. माझी बहीण आहे ती. जन्मात चिंच न खाणारी कोठीत बसून चिंच चोखते." तिने खरकटी भांडी बाजूला केली. "तुम्ही बोलू नका. तिचे तिला सांगू दे."

लग्न फाल्गुनात दादरच्या वाडीतच झाले. कन्यादानाला मी ओंजळ धरली आणि हिने वरून पाण्याची धार धरली. धार कुठे तुटली नाही. मी एकदाच मान वर केली. मांडवाच्या कडेला भास्करराव दाढीसकट उभे होते, आणि धाकट्या मुलीला दिसावे म्हणून तिला त्यांनी खांद्यावर घेतले होते. तिने दोन्ही मुठींनी ती दाढी धरली होती.

गिरगाव, आषाढ

हे लिहायला आषाढ उजाडला त्याचे कारण सांगून संपवतो.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करराव चिंचपोकळीहून आमच्याकडे आले. दाढी छातीला आली होती. गोविंदा न्हावी त्याच वेळी जिना चढत होता. मी म्हटले, आयता आला आहे, बसा.

"गोविंदाला नको. तुमची पेटी काढा."

गोविंदा रागावला नाही. कठड्याला टेकून कोण कसे कापून घेतो ते बघत उभा राहिला. मी आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस केला. साबण तोच, वज्रेश्वरीचा, डबीत अर्धा उरलेला. डाव्या गालावरून वस्तरा खाली आणला आणि माझा हात थांबला. गाल आत गेलेला होता. मांडवात सरदारासारखा उभा असलेला मनुष्य या दाढीखाली इतके महिने असा वाळत गेला होता, आणि मी ती दाढी पाहून जळत होतो.

"चौथी हो, नाना," ते फेसातून म्हणाले. "आई तोंड फुगवून बसली आहे. पण दोघी सुखरूप आहेत."

"ऐकले."

"सगळे ताईंनी केले. पोर माझ्या हातात त्यांनीच दिली." त्यांनी ओठावरचा फेस पुसला. "त्या आज संध्याकाळी दादरहून परत येतील. आज तुम्ही कचेरीतून लवकर या, त्यांना जेवायला बसवा."

चार मुली. मी वस्तरा पंच्याला पुसला, पट्ट्यावर दोनदा फिरवला, आणि दुसरा गाल इकडे करा म्हणून सांगितले.